कोल्हापुरातल्या कॉलेजातून आयसीपीसीत (कॉलेजच्या टीमची आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धा) पहिल्यांदाच उतरायचंय. टीम, नोंदणी, तयारी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, सी++ बऱ्यापैकी येतं, दोन मित्र तयार आहेत, पण कॉलेजातून आजवर कुणी गेलेलं नाही. क्लास लावावा का, आणि सुरुवात कुठून करायची?

क्लास लावू नका. प्रश्न, त्यांची उकल, जुन्या स्पर्धा हे सगळं फुकट आहे. तिघांनी एका कीबोर्डवर 5 तास काम करायची सवय मात्र तिघांनाच लावून घ्यावी लागते.

आधी नोंदणीचं बघू, कारण नव्या कॉलेजची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. आयसीपीसी डॉट ग्लोबलवर तिघांनी आपापलं खातं काढायचं. नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका, कारण पुढे प्रवेशपत्र आणि सर्टिफिकेट त्याच नावाने निघतं. कॉलेजचं नाव स्वतः टाइप करू नका, यादीतून निवडा. एकाच कॉलेजची दोन-तीन स्पेलिंगं दिसली तर सरांना विचारून एक पक्कं करा आणि तिघांनीही तेच घ्या. प्रत्येक टीमला कोच लागतो. हा कोच म्हणजे तुम्हाला ग्राफ शिकवणारा माणूस असं काही नाही, कॉलेजच्या वतीने टीमची जबाबदारी घेणारा माणूस. डिपार्टमेंटमधले जे सर किंवा मॅडम मेल वेळेवर बघतात त्यांना गाठा. अल्गोरिदम येतो की नाही हे दुय्यम. टीम टाकली की ती आधी ‘पेंडिंग’ दिसते. फी भरून आणि सगळ्यांचे प्रोफाइल पूर्ण करून ती ‘ॲक्सेप्टेड’ झाल्याशिवाय नोंदणी झाली असं समजू नका. एका मेंबरची जन्मतारीख भरायची राहिली म्हणून टीम लटकते. तारखा दरवर्षी सरकतात, त्यामुळे जुलैपासून आठवड्यातून एकदा साइट उघडून बघायची.

पुढचा रस्ता असा: भारतातली ऑनलाइन प्राथमिक फेरी, मग एखाद्या साइटवर (स्पर्धेच्या केंद्रावर) प्रत्यक्ष जाऊन रीजनल, त्यानंतर आशिया वेस्टची फेरी आणि शेवटी वर्ल्ड फायनल. वर्ल्ड फायनलला एका विद्यापीठाची एकच टीम जाते. रीजनललाही एका संस्थेतून किती टीम घ्यायच्या यावर साधारणपणे मर्यादा असते. लहान गावातल्या कॉलेजला हा नियम फायद्याचा आहे. मोठ्या संस्थेत पंधराव्या नंबरची टीम तुमच्यापेक्षा भारी असली तरी ती घरीच बसते.

आता गुणांकन, कारण सगळे डावपेच यावरच ठरतात. आधी सुटलेल्या प्रश्नांची संख्या, मग पेनल्टी. प्रश्न सुटला तो मिनिट, अधिक त्या प्रश्नावर आधी चुकलेल्या प्रत्येक सबमिशनची 20 मिनिटं. समजा ‘अ’ 12व्या मिनिटाला एका फटक्यात गेला, ‘ब’ 48व्या मिनिटाला पण आधी दोनदा चुकून, आणि ‘क’ तीनदा चुकून सुटलाच नाही. हिशोब: 12 + (48 + 40) = 100. ‘क’चं काही लागत नाही. म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत अर्धवट खात्री असली तरी सबमिट करायला भ्यायचं नाही, पण सोप्या प्रश्नात घाई करून चुकणं महागात पडतं. प्राथमिक फेरीत शेकडो टीम सारखेच दोन-तीन प्रश्न सोडवतात. तिथे पुढे कोण हे फक्त ही मिनिटं ठरवतात.

तयारीसाठी पहिले तीन-चार महिने प्रत्येकाने एकट्याने काम करायचं. सीएसईएस या फिनलंडमधल्या साइटचा प्रश्नसंच घ्या: इंट्रोडक्टरी, सॉर्टिंग अँड सर्चिंग, डायनॅमिक प्रोग्रामिंग, ग्राफ, मग रेंज क्वेरीज आणि ट्री, याच क्रमाने. जोडीला कोडफोर्सेस या साइटचे राउंड, म्हणजे ऑनलाइन स्पर्धा (बहुतेक रात्री 8 वाजून 5 मिनिटांनी, जेवायच्या वेळेलाच, घरी आधी सांगून ठेवा) आणि ॲटकोडर या जपानी साइटची शनिवारी संध्याकाळी साडेपाचची बिगिनर स्पर्धा. राउंड देण्यापेक्षा राउंडनंतरचं काम मोठं आहे. जो प्रश्न थोडक्यात हुकला तो दुसऱ्या दिवशी तासभर पुन्हा स्वतः बघा. नाही जमला तर उकल वाचा, टॅब बंद करा आणि कोड कोरा लिहा. दुसऱ्याचा कोड बघून ‘कळलं’ म्हणणारे लोक पुढच्या वेळी तिथेच अडकतात. वहीत एक ओळ टाका: का सुटला नाही? ‘कल्पना सुचली नाही’, ‘मर्यादा वाचली नाही’, ‘कोडमध्ये घोळ’. महिन्याने वही उघडली की आपली खोड कळते, आणि ती बहुतेक वेळा तिसरीच निघते.

मर्यादा वाचणं म्हणजे काय ते एका प्रश्नावर बघा. एन (इनपुटमध्ये किती आकडे ते) 2 लाखांपर्यंत, वेळ 2 सेकंद. साध्या क्रिया सेकंदाला साधारण 10 कोटी धरायच्या. एन वर्ग म्हणजे 4 हजार कोटी, तो विचार तिथेच सोडा. एन लॉग एन म्हणजे 2 लाख गुणिले 18, जेमतेम 36 लाख, आरामात बसतं. म्हणजे उत्तर सॉर्टिंग, बायनरी सर्च, सेगमेंट ट्री या घरात शोधायचं. एन 20 असेल तर सगळे उपसंच, म्हणजे 2 चा 20वा घात, 10 लाखांच्या थोडं वर. बऱ्याचदा प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते मर्यादाच सांगते.

चुकांचंही तसंच, त्याच त्या येतात. इंटमध्ये 214 कोटींच्या वर मावत नाही. 1 लाख गुणिले 1 लाख म्हणजे 1 हजार कोटी, तिथे लाँग लाँगच पाहिजे. आणि उत्तर लाँग लाँगमध्ये ठेवलं तरी गुणाकार दोन इंटांचा असेल तर आकडा आधीच फुटलेला असतो. अनेक टेस्ट केस असताना ग्लोबल ॲरे साफ न करणं ही दुसरी. साफ करताना दरवेळी पूर्ण 2 लाखांचा ॲरे पुसणं ही तिसरी: 10 हजार केस असल्या की त्यातच वेळ संपतो, फक्त वापरलेला भाग पुसा. प्रत्येक ओळीला एंडएल लिहिलं की बफर दरवेळी रिकामा होतो आणि प्रोग्राम रांगतो. इंटरॲक्टिव्ह प्रश्नात (जिथे तुमचा प्रोग्राम जजशी सवाल-जवाब करतो) मात्र फ्लश, म्हणजे बफर रिकामा, केलंच पाहिजे, नाहीतर दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात.

‘राँग ॲन्सर’ का येतंय कळत नसेल तर तीन फाइली करा: तुमचा कोड, संथ पण बिनचूक कोड, आणि 5-6 आकड्यांचे रँडम इनपुट देणारा जनरेटर. लूपमध्ये दोन्ही उत्तरं ताडून बघा, फरक आला की थांबा. सराव असेल तर हे दहा मिनिटांत उभं राहतं, आणि छोटं इनपुट हातात आलं की चूक समोरच दिसते.

टीमचा सराव दर रविवारी, 9 ते 2, कोडफोर्सेसच्या जिममधली (जुन्या स्पर्धांच्या साठ्यातली) एखादी रीजनल लावून. एकच लॅपटॉप, फोन दुसऱ्या खोलीत. मिसळ दोन नंतर, आधी कट मारून बसलात तर बाराला तिघंही पेंगणार. पहिल्या दहा मिनिटांत एकाने टेम्प्लेट (प्रत्येक प्रश्नाला लागणारा सुरुवातीचा कोड) टाइप करायचं, दुसऱ्याने पहिल्या प्रश्नापासून आणि तिसऱ्याने शेवटच्या प्रश्नापासून वाचत यायचं. प्रश्न सोप्यापासून अवघड असे लावलेले नसतात, त्यामुळे स्कोअरबोर्डवर नजर ठेवा. चाळीस टीमनी ‘ह’ सोडवला असेल तर तो सोपाच आहे. कीबोर्ड त्याच्याकडे, ज्याचा कोड कागदावर लिहून झालाय. विचार करायला मशीन अडवायचं नाही. दोनदा चुकलं की प्रिंट काढा, खुर्ची सोडा, कागदावर चूक शोधा. तिघांनी एकाच प्रश्नाला चिकटायचं नाही, हे सांगायला सोपं आणि पाळायला सगळ्यात अवघड. शेवटच्या तासात बोर्ड गोठवतात, दुसऱ्यांचं काही दिसत नाही. तोवर हातात असलेले दोन प्रश्न पूर्ण करा, नवा उघडू नका.

रीजनलला छापील नोटबुक (तयार कोडचा संग्रह) नेता येतं. वर्ल्ड फायनलला मर्यादा 25 पानांची आहे, तुमच्या साइटची नियमपत्रकात बघा. स्वीडनच्या केटीएच विद्यापीठाचं काक्टल हे असंच तयार नोटबुक फुकट मिळतं आणि चांगलं आहे, पण त्यातल्या रेंज डावीकडून धरलेल्या, उजवं टोक सोडलेल्या आहेत. हे माहीत नसताना उतरवलं की उत्तर एकाने चुकतं. जो कोड एकदा तरी चालवून पाहिला नाही तो छापू नका. डीएसयू, लेझी सेगमेंट ट्री, डायक्स्ट्रा, डिनिक, झेड फंक्शन, मॉड्युलर इन्व्हर्स, कॉन्व्हेक्स हल एवढं नीट असलं तरी पहिल्या वर्षाला पुष्कळ.

ऑनलाइन फेरीत तुमचा कोड दुसऱ्या टीमच्या कोडशी जुळतो का ते तपासतात. सार्वजनिक कंपायलरवर कोड ठेवून चालवू नका. दुसऱ्या कुणी उचलला तर तुमचीही टीम बाद होऊ शकते. लाइट जाणार हे धरून लॅपटॉप चार्ज ठेवा आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं जवळ असू द्या.

साइट निवडताना प्रवासाचा हिशोब करा. केरळात अमृतापुरीला जायचं तर आधी मिरज गाठावं लागतं आणि जाऊन-येऊन चार-पाच दिवस मोडतात, नेमके विद्यापीठाच्या परीक्षेच्या आसपास. बोनाफाइड आणि प्रॅक्टिकलची परवानगी रीजनलची यादी लागली त्याच दिवशी मागा, ऑफिसातून सही होऊन यायला वेळ लागतो.