वहीची मागची पानं

"मॅडम, अक्षर माझंच आहे, पण वाचवत नाही. फाडून टाकू का?"

समुपदेशनाच्या कामात, जुनी डायरी सापडलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, आता समोरच्याने पिशवीतून वही काढायला सुरुवात केली की पुढचं वाक्य काय असेल ते कळतं. बहुतेक जण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले असतात. घर बदलताना, माळा आवरताना वही हाती लागलेली असते. काहींना आपला जुना पोरकटपणा वाचून लाज वाटते. त्यांचं काम सोपं असतं, दोन-चार पानं मोठ्याने वाचली की स्वतःच हसू लागतात. अवघड असतात ती माणसं, ज्यांचा वही वाचून स्वतःच्या आठवणींवरचा विश्वासच उडतो. वसुधाताई त्यातल्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वसुधाताई साठीला आलेल्या. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. आपला संसार चांगला झाला, या एका गोष्टीच्या आधारावर त्यांनी ती तीन वर्षं काढली होती. मग लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली वही सापडली आणि त्यांनी ती दोन रात्रींत वाचून काढली. त्यानंतर झोप गेली.

"पानोपानी भांडणं आहेत हो," त्या म्हणाल्या. "अबोला, रडारड, माहेरी जायच्या धमक्या. आणि मी सगळ्यांना सांगत आले, आमचं किती छान होतं. मग खोटं कोण? मी की ही वही?"

आठवणी बदलतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी ते नाकारलं नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर लगेचच कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की ही बातमी तुम्हाला कुठे आणि कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या काहींना पुन्हा तेच विचारलं. पुष्कळांची उत्तरं पार बदललेली होती आणि तरीही खात्री मात्र ठाम होती. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद समोर ठेवूनही मूळची आठवण परत येईना.

"म्हणजे वहीच खरी," वसुधाताई लगेच म्हणाल्या.

"त्या त्या दिवसापुरती खरी. वर्षभरात किती दिवस लिहिलंय?"

ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. आम्ही मिळून मोजलं. सगळ्यात भरगच्च वर्षातसुद्धा चाळीस नोंदी भरत नव्हत्या.

"उरलेले सव्वातीनशे दिवस काय करत होतात?"

"काय करणार? जगत होते."

"आणि पेन हातात कधी घ्यायचात?"

त्या बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटलेला, वितळून कडक झालेला रबरबँड नखाने खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांच्याशी बोलणं बंद असेल तेव्हा. दुसऱ्या कुणाशी बोलणार?"

डायरी वाचून हादरलेल्या प्रत्येक माणसाशी मी या जागेपर्यंत येण्याचा प्रयत्न करते. आपण डायरीला साक्षीदार समजतो, पण हा साक्षीदार फक्त भांडणाच्या दिवशी कामावर येतो. रात्री जेवून, गप्पा मारून, दिवा मालवून माणूस झोपी गेला, त्या दिवसाची नोंद करायला कोण उठतं? कोरी पानं वाचायची सवय कुणालाच नसते.

माझे काही सहकारी अशा वेळी विचारांतल्या चुका शोधून दाखवतात. ती पद्धतही चालते. माझा ओढा मात्र ऑस्ट्रेलियातल्या मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडमधल्या डेव्हिड एप्स्टन या समुपदेशकांच्या पद्धतीकडे आहे. माणूस स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतो तिच्यात न मावलेले प्रसंग नेहमी असतात, ते शोधा, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांच्या कामानंतर मला ते शोधायला कुठे जायचं हे ठाऊक झालं आहे. जुनी वही असेल, तर मी ती उलटी धरते आणि मागून उघडते.

वसुधाताईंनी मागची पानं पाहिली नव्हती. "तिथे काही नाही, हिशेब असतील," म्हणाल्या. हिशेब होतेच. विणकामाचे टाके होते, कुणाकुणाचे पत्ते होते, एका कपाटाचं पेन्सिलने काढलेलं माप होतं. पुढच्या पानांवर पेन इतकं दाबून फिरलेलं, की मागच्या बाजूला अक्षरं उमटली होती. इथे तेच अक्षर बारीक आणि निवांत होतं. मग चार पानं रमीच्या गुणांची निघाली. दोन रकाने, वर दोन आद्याक्षरं, बाजूला तारखा. काही आकडे दुसऱ्याच अक्षरात होते, उजवीकडे झुकलेल्या. एका बेरजेपुढे त्या दुसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "पंचांचा अन्याय!"

"हे ह्यांचं," त्या म्हणाल्या. "हरले की असंच करायचे."

मी त्यांना तारीख वाचायला सांगितली. दहा तारीख होती. मग आम्ही पुढून तोच महिना काढला. नऊ तारखेला अर्धं पान भरून लिहिलेलं आणि शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं : ह्यांच्याशी आता एक शब्दही बोलायचा नाही.

वसुधाताईंनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे. आणि मग त्या अशा हसल्या की बाहेर बसलेली त्यांची मुलगी दारातून डोकावून गेली.

"एक दिवसही टिकला नाही हो माझा अबोला!"

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती, पण अर्धीच राहिली असती. नऊ तारखेचं भांडण खरं होतं. यजमानांनी त्यांना न विचारता मोठी रक्कम भावाला दिली होती आणि त्याबद्दल कधीच नीट बोलणं झालं नव्हतं. माणूस गेला की त्याच्यावर रागवायची सोय राहत नाही. वसुधाताईंनी तो राग तीन वर्षं चांगल्या आठवणींखाली दाबून ठेवला होता. पुढच्या काही भेटींत आम्ही फक्त त्या रकमेबद्दल बोललो. रमी खरी आणि रागही खरा, हे एकदा पटल्यावर त्यांना झोप लागू लागली.

आता मूळ प्रश्नाबद्दल. घाईने फाडू नका. रात्री एकट्याने, एका बैठकीत वही संपवू नका. दिवसा वाचा, थोडी वाचा, तारखा बघत वाचा. मागची पानं आधी. नोंदींमध्ये खंड दिसला, तर त्या दिवसांत काय चाललं होतं हे भावंडांना, मैत्रिणींना विचारा, जुने फोटो काढा. मात्र वहीत मारहाण, धाक, जिवाची भीती असेल, तर माझं हे रमीचं उदाहरण तिथे लावू नका. "चांगले दिवसही होतेच की" असं म्हणून अशा नोंदी धुऊन टाकायच्या नसतात. ती वही जपून ठेवा आणि विश्वासाच्या माणसाला दाखवा.

आपल्यामागे मुलं वाचतील ही भीती रास्त आहे. ज्या व्यक्तीला ती वही जावी असं वाटतं तिचं नाव पहिल्या पानावर लिहा आणि त्या व्यक्तीला हयातीतच सांगून ठेवा. एखादं पान दुसऱ्या कुणाची लाज काढणारं असेल तर ते काढून टाकायचा हक्क तुमचा आहे. वसुधाताईंनी जावेबद्दलचं एक पान फाडलं. त्यावर काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही.

मन मोकळं करायला लिहिणं आणि वही राखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं समजलं तरी पुष्कळ गुंता सुटतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या जखमेबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्या झाल्या उलट वाईटच वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. असं लिहिण्यासाठी सुटे कागद घ्या. ते नंतर खुशाल फाडा, फायदा लिहिण्यात आहे.

वही वेगळी. तिच्यात साधं लिहा. आज काय दुरुस्त केलं, कुणाचा फोन आला, नातवाने कोणता शब्द चुकीचा म्हटला, कोणतं पुस्तक अर्ध्यावर सोडलं. लिहिताना हे फालतू वाटतं. टिंग झांग आणि तिच्या सहकाऱ्यांचा २०१४ सालचा अभ्यास नेमका यावर आहे. लोकांनी आपल्या चालू दिवसांतल्या साध्यासुध्या गोष्टी नोंदवून ठेवल्या आणि पुढे हे वाचायला किती उत्सुकता वाटेल याचा अंदाज बांधला. काही महिन्यांनी प्रत्यक्ष वाचायची वेळ आली तेव्हा उत्सुकता अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. खास प्रसंगांपेक्षा सामान्य दिवसांबद्दलचा अंदाज अधिक चुकला.

तेव्हा मागून एक पान सोडून ठेवा : याद्या, मापं, खेळाचे गुण, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या अक्षरातलं काहीही. आणि रोज लिहायचा पण करू नका, तो जेमतेम आठवडाभर टिकतो. खंड पडला की लोक पुढची नोंद माफीने सुरू करतात, "बरेच दिवस लिहिलं नाही, आता नियमित लिहीन" वगैरे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या वह्यांत हे वाक्य असतंच. वहीला तुमच्या माफीची गरज नसते. नवी तारीख घाला आणि थेट मुद्द्यावर या.