व्हिडिओतली धोबीपछाड खरी का?

प्रश्न : भाच्याने मोबाईलवर दाखवलं, एक पोरगी भर बाजारात तीन जणांना धोबीपछाड मारून आडवं करते. खरं असेल का हो भाऊ? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : डाव खरा आहे भो, व्हिडिओचं मात्र बघावं लागेल. धोबीपछाडमध्ये समोरच्याचा हात खांद्यावर ओढून, गर्रकन पाठ फिरवून, आपली कंबर त्याच्या कंबरेखाली घालावी लागते, मग तो पाठीवरून पुढे जातो. तर व्हिडिओ स्लो करा आणि पडणाऱ्याचे पाय बघा. कंबर लागायच्या आधीच गड्याने उडी मारली असेल तर सेटिंग समजा. पडताना तळहात जमिनीवर फाडकन आपटला, म्हणजे पडायची प्रॅक्टिस केलेला माणूस. बाकी दोघं नंबर लागल्यासारखे उभे होते का? आणि कॅमेरा भांडणाच्या आधीपासून तयार कसा काय?

आखाड्यातल्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती मऊ करतात, तरी पाठीवर पडलं की दम कोंडतो. डांबरी रोडवर पडलेला लगेच उठून पँट झटकत असेल तर मला नाही पटत. पोरीला शिकायचंच असेल तर तालमीत पाठवा, आधी पडायलाच शिकवतील.