सातवी-आठवीच्या मुलांना आलेख वाचायला कसं शिकवायचं?

काढायला लावण्याआधी नुसते वाचायला द्या. स्तंभालेख मुलं छान काढतात, प्रमाण पण लिहितात, पण यातून काय कळलं विचारलं की वर्ग गप्प. आधी शीर्षक, मग दोन्ही अक्षांवर काय आहे आणि एकक कुठलं, आणि उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का हे बघायचंच, कारण तो ९० पासून सुरू केला तर ९६ चा स्तंभ ९२ च्या तिप्पट उंच दिसतो (जाहिरातवाल्यांचा आवडता उद्योग). वृत्तालेखात ९० अंश म्हणजे २५ टक्के, पण कशाचे ते विचारा. खरा घोळ अंतर-काळ आलेखात, आडवी रेष दिसली की पोरं सांगतात गाडी सपाट रस्त्यावर चाललीये, अरे ती थांबलीये! तिथे एक तास जास्तीचा द्या.