गेम लावला की टीव्ही काळा पडतो

प्रश्न : घर मालवणात, समुद्राजवळ. गेमिंग लॅपटॉप ५ मीटरच्या एचडीएमआय केबलने फोर-के टीव्हीला जोडलाय. सिनेमे छान दिसतात. गेम लावला की मधूनमधून दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो, बटण दाबल्यावर पडद्यावर उशिरा हलतं. लॅपटॉपला हात लागला की झिणझिण्याही येतात. नवी केबल घेऊ का?
– एक वाचक

उत्तर : केबलचे पैसे एवढ्यात घालू नका. काळा पडदा आणि उशीर ही दोन वेगळी दुखणी आहेत.

गेम सुरू होताना पडदा एकदाच काळा होणं चालायचंच. गेम रिझोल्यूशन किंवा एचडीआर (उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारी सोय) बदलतो आणि टीव्ही नव्याने सिग्नल पकडतो. खेळता खेळता पुन्हा पुन्हा होत असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये एचडीआर बंद करा, १९२० × १०८० आणि ६० हर्ट्झ ठेवून अर्धा तास खेळा. याला केबलमधून सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट जावे लागतात, फोर-के ६० हर्ट्झला जवळजवळ १८. दुखणं थांबलं, तर बहुधा केबल कमी पडते आहे. मग २ मीटरची 'प्रीमियम हाय स्पीड' घ्या. अंतर कमी होणारच नसेल तर ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणारी) एचडीएमआय केबल. तिचं कुठलं टोक लॅपटॉपला आणि कुठलं टीव्हीला हे ठरलेलं असतं, उलटी लावली तर चित्रच येत नाही.

१०८० वरही पडदा गेला, तर पोर्ट बघा. खाऱ्या हवेत कनेक्टरवर पांढुरका-हिरवट थर चढतो. लॅपटॉप आणि टीव्ही बंद करून दोन्हींचे प्लग काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला जेमतेम लावून एचडीएमआय केबलची टोकं आणि पोर्ट पुसा, पंधरा मिनिटं वाळू द्या. सँडपेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा निघून जातो.

उशिराचा दोष बहुतेक वेळा टीव्हीचा. चित्र गुळगुळीत करण्यासाठी तो फ्रेम अडवून ठेवतो. सिनेमात ते कळत नाही, गेममध्ये खटकतं. टीव्हीचा गेम मोड लावा. टीव्हीच्या त्याच पोर्टसाठी सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'डीप कलर', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट' चालू करा, नाहीतर फोर-के ३० हर्ट्झवरच अडकू शकतं. शेवटी विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ६० हर्ट्झ दिसतंय ना, हे पाहा.

झिणझिण्या मात्र आजच मनावर घ्या. दोन पिनांच्या अडॅप्टरमधून विजेची थोडी गळती होतेच. पण तीन पिनांचा असूनही मुंग्या येत असतील तर बहुधा सॉकेटला अर्थिंग नाही. जांभ्या कातळात अर्थिंग मुळात अवघड, आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की आणखी बिघडतं. वायरमनकडून ते तपासून घ्या. तोवर एचडीएमआय जोडताना किंवा काढताना लॅपटॉप आणि टीव्हीचे दोन्ही प्लग सॉकेटबाहेर हवेत, कारण ही गळती पोर्टची चिप जाळू शकते. आणि वळवाच्या गडगडाटात एचडीएमआय, डिशची वायर, दोन्ही प्लग, सगळं काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.