अपलोड केलेल्या कागदपत्रांमधून एक्सएसएस (बाहेरच्याने घुसवलेली स्क्रिप्ट आपल्या साइटवर चालणं) होऊ शकतं का? एक्स्टेन्शन तपासलं की पुरे का?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार अर्जदार दाखले आणि गुणपत्रिका पीडीएफ, वर्ड किंवा एसव्हीजीमध्ये (आत स्क्रिप्टही बसू शकते असा चित्राचा फॉरमॅट) चढवतात, कर्मचारी त्या ब्राउझरमध्येच उघडून पाहतात आणि तपासणी होते ती फक्त एक्स्टेन्शनची, म्हणजे नावाच्या शेवटच्या ‘.पीडीएफ’सारख्या भागाची. ती पुरत नाही.

ब्राउझर चालतो तो सर्व्हर सांगेल त्या कन्टेंट-टाइपवर, म्हणजे फाइल कुठल्या प्रकारची आहे हे सांगणाऱ्या हेडरवर. नावाला तिथे फारशी किंमत नाही. आणि हा टाइप पुष्कळदा अपलोड करणाऱ्याच्याच रिक्वेस्टमधून उचलून जसाच्या तसा साठवलेला असतो. समजा नाव ‘गुणपत्रिका.पीडीएफ’ आहे, पण रिक्वेस्टमध्ये टाइप दिलाय टेक्स्ट/एचटीएमएल. तुमच्या तपासणीतून फाइल सुटली. कर्मचाऱ्याने क्लिक केलं की ती वेबपेज म्हणून उघडणार आणि आतली स्क्रिप्ट तुमच्याच डोमेनवर, त्याच्या लॉगिनसकट चालणार. लॉगिनच्या कुकीला एचटीटीपीओन्ली (स्क्रिप्टला कुकी वाचू न देणारी खूण) लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. स्क्रिप्टला कुकी वाचता येणार नाही, पण त्याच्या नावाने अर्ज मंजूर करून टाकता येईल.

एसव्हीजी जास्त फसवी. इमेज टॅगमधून दाखवली तर आतली स्क्रिप्ट चालत नाही, त्यामुळे टेस्टिंगमध्ये सगळं आलबेल दिसतं. ‘मोठी करून पाहा’ची लिंक थेट फाइलवर गेली, की तीच एसव्हीजी स्वतंत्र डॉक्युमेंट म्हणून उघडते आणि स्क्रिप्ट चालते. मुळात दाखल्याला एसव्हीजी हवीच कशाला? बंदच करा.

माझं मत विचाराल तर फाइलच्या पोटात काय दडलंय हे शोधण्यात फार जीव काढू नका. फाइलचा प्रकार ज्यांवरून ओळखतात ते सुरुवातीचे बाइट बरोबर असूनही पुढे एचटीएमएल भरलेली फाइल बनवता येते. फाइल कुठून द्यायची, हे तुमच्या हातात आहे. ती वेगळ्या डोमेनवरून द्या. सबडोमेन नको, कारण मुख्य डोमेनवर लावलेल्या कुकीज तिथेही पोचतात. गिटहबने २०१३ मध्ये लोकांची पेजेस गिटहब.कॉमवरून काढून गिटहब.आयओवर नेली, ती अशाच धोक्यांमुळे. कन्टेंट-टाइप सर्व्हरने स्वतःच्या यादीतून ठरवावा, सोबत नोस्निफ हेडर (ब्राउझरने प्रकाराचा स्वतः अंदाज बांधू नये, असं सांगणारा) द्यावा आणि पीडीएफ सोडून बाकी सगळ्याला कन्टेंट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट लावावं, म्हणजे फाइल उघडण्याऐवजी डाउनलोड होते.

पीडीएफमधलं जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या स्वतःच्या व्ह्यूअरमध्ये कोंडलेलं असतं, त्याची धास्ती नको. पण तुमच्या पेजमध्ये पीडीएफ.जेएस (पीडीएफ दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) बसवलं असेल तर आवृत्ती आजच बघा. २०२४ मध्ये सापडलेल्या सीव्हीई-२०२४-४३६७ या त्रुटीमध्ये पीडीएफमधल्या फॉन्टच्या माहितीतूनच पेजवर कोड चालवता येत होता, ४.२.६७ मध्ये ते दुरुस्त झालं. वर्डची फाइल एचटीएमएल करून दाखवत असाल तर तयार झालेलं एचटीएमएल डॉमप्युरिफायसारख्या लायब्ररीतून गाळूनच पेजवर घाला. वर्डमधल्या साध्या लिंकमध्येही ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणारा पत्ता असू शकतो.

आणि यादीत फाइलचं नाव दाखवताना ते एस्केप करताय ना, म्हणजे त्यातली चिन्हं टॅग न ठरता साधा मजकूर म्हणूनच दिसतील असं? लिनक्सवर फाइलच्या नावात कोनी कंस चालतात, म्हणजे अख्खा इमेज टॅग नावातच बसतो. साठवताना स्वतः तयार केलेलं नाव द्या. मूळ नाव डेटाबेसमध्ये, फक्त दाखवण्यापुरतं.