‘प्रयत्न’ नव्हे, ‘ट्राय’च

भाषांतराचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं आहे : ‘‘ब्रिटनमधल्या एका जुन्या खेळाडूचा परिचय मराठीत आणते आहे. माझं वाक्य असं झालंय : ‘रग्बी लीग स्पर्धेतील निवृत्त पंखपटू बिली बोस्टन यांनी कारकिर्दीत ५७१ प्रयत्न केले.’ व्याकरण चुकलेलं दिसत नाही, पण वाचताना अडखळायला होतं. नेमकं कुठे?’’

सगळ्यात मोठी अडचण ‘प्रयत्न’ या शब्दाची आहे. मुळातल्या ‘ट्राय’चा, म्हणजे रग्बीत चेंडू गोलरेषेपार टेकवून गुण मिळवण्याचा, तो शब्दशः अनुवाद. ‘त्याने प्रयत्न केला’ एवढं बोलून आपण थांबलो, तर समोरचा लगेच विचारतो, ‘मग, जमलं का?’ मराठीत प्रयत्न आधी आणि फळ नंतर. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणतो तेव्हाही परमेश्वर प्रयत्नाच्या शेवटी भेटतो. त्यामुळे ‘५७१ प्रयत्न केले’ वाचणाऱ्याला वाटणार की हा गडी ५७१ वेळा धडपडला, यश किती वेळा आलं ते लेखकाने सांगितलंच नाही. खरं तर ते ५७१ म्हणजेच यश. रग्बी लीगच्या इतिहासात यापेक्षा मोठा आकडा एकाच खेळाडूचा आहे, ऑस्ट्रेलियातून येऊन इंग्लंडमध्ये खेळलेल्या ब्रायन बेव्हनचा. तोही विंगरच, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, तुझा ‘पंखपटू’.

मग या यशाला असं अर्धवट वाटणारं नाव का पडलं? एकोणिसाव्या शतकातल्या रग्बीत फक्त गोल मोजला जाई. चेंडू छातीशी कवटाळून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत गोलरेषेपलीकडे नेला आणि हाताने जमिनीला टेकवला, तरी फळ्यावर काहीच चढत नसे. मिळायची ती फक्त एक संधी : चेंडू मैदानात मागे आणायचा आणि लाथेने गोलाच्या आडव्या दांडीवरून मारून बघायचा. ही ‘बघण्याची’ संधी म्हणजे ट्राय. ती साधली की ट्रायचं रूपांतर गोलात होई, म्हणून त्या लाथेला आजही ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. पुढे नियम बदलत गेले आणि चेंडू टेकवण्यालाच गुण मिळू लागले. बोस्टन खेळत होते तेव्हा ट्रायला ३ गुण होते, १९८३ पासून ४ आहेत. नाव मात्र जुनंच राहिलं.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो वजनदार आहे. फ्रेंचांनी ट्रायला ‘एसे’ म्हटलं, वेल्श लोकांनी ‘काइस’ म्हटलं. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ प्रयत्नच. बोस्टन स्वतः वेल्समधल्या कार्डिफचे. मग तिथे चाललं ते इथे का चालू नये? कारण तिथे दर शनिवारी हजारो लोक मैदानावर तो शब्द ओरडत होते. वापरता वापरता शब्दात दुसरा अर्थ भरला गेला. मराठीत हा खेळ अजून तेवढा रुळलेला नाही, म्हणून ‘प्रयत्न’ या शब्दात तो अर्थ आपोआप येणार नाही.

तेव्हा ‘ट्राय’च ठेव. पण एक खाचखळगा इथेही आहे : ‘ट्राय केले’ लिहू नकोस. बोलीत आपण ‘ट्राय करून बघ’ म्हणतोच, म्हणजे पुन्हा प्रयत्नावर आलो. ‘गोल नोंदवला’ म्हणतो तसं ‘ट्राय नोंदवला’ म्हण, आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘चेंडू गोलरेषेपार टेकवून’ हे तीन शब्द जोड.

‘प्रयत्न’ शोभतो अशी जागाही या परिचयात आहे. १९५३ साली उत्तर इंग्लंडमधल्या विगन क्लबची माणसं बोस्टन यांना संघात घ्यायला त्यांच्या कार्डिफच्या घरी आली, टेबलावर नोटा मांडून बसली. आईला मुलाने दूर जावं असं वाटत नव्हतं. त्यांना वाटेला लावण्यासाठी तिने ३००० पौंडांचा आकडा सांगितला. त्या काळात तो अवाच्या सवा होता. पाहुणे ‘ठीक आहे’ म्हणाले. आईने त्यांना घालवण्याचा प्रयत्न केला, हा खास मराठी अर्थाचा प्रयत्न. मुलगा विगनला गेला तो कायमचा. त्या एका क्लबसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय!

‘रग्बी लीग स्पर्धेतील’ यातलं ‘स्पर्धेतील’ काढून टाक. आपल्या कानाला लीग म्हणजे साखळी स्पर्धा वाटते, पण रग्बी लीग हा वेगळा खेळच आहे. बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी की नाही, या वादातून उत्तर इंग्लंडचे क्लब १८९५ मध्ये हडर्सफील्डला वेगळे झाले. खाणी-गिरण्यांतल्या माणसांना शनिवारचा पगार सोडणं परवडत नव्हतं. लीगमध्ये १३ खेळाडू, जुन्या रग्बी युनियनमध्ये १५. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर दिसते ती युनियन.

आता ‘पंखपटू’. यात पक्षी डोळ्यांसमोर येतो, मैदानाची कड येत नाही. खरं तर ‘विंग’ मराठीत कधीच रुळली आहे, तीही रंगभूमीवर : ‘विंगेत उभा होता’, ‘विंगेतून प्रवेश’. स्त्रीलिंग ठरलंय, सामान्यरूपही ठरलंय. तेव्हा ‘ते उजव्या विंगेवर खेळत’ हे सरळ मराठी आहे. समजावून सांगायचं असेल तर मला ‘बगल’ फार आवडतो. फौजेची बगल असते तशी संघाचीही. शिवाय ‘बगल देणे’ म्हणजे शिताफीने चुकवणे. विंगर बगलेवर उभा राहतो आणि बगल देऊनच पुढे जातो! बोस्टन यांच्या बाबतीत ‘मुसंडी’ही हवी, कारण अंगाने ते भक्कम होते. बगल देता आली नाही तर पकड करणाऱ्यालाच घेऊन पुढे सरकत. हो, ‘टॅकल’ला ‘पकड’च म्हण. कबड्डीने तो शब्द आपल्याला आयता दिला आहे.

‘निवृत्त’ पदाला लागतो : निवृत्त न्यायाधीश, निवृत्त सुभेदार. खेळाडू ‘माजी’ असतो. क्रियापद म्हणून मात्र ‘ते १९७० मध्ये निवृत्त झाले’ हे अगदी योग्य. त्यानंतर विगनमध्येच, सेंट्रल पार्क मैदानाजवळ, त्यांनी पब चालवला. २०२५ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला, रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला पहिलाच. त्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘सर’ यायलाच हवं.

वाक्य असं करून बघ : ‘रग्बी लीगचे माजी विंगर सर बिली बोस्टन यांनी कारकिर्दीत चेंडू गोलरेषेपार टेकवून ५७१ ट्राय नोंदवले.’ ‘ट्राय’ पुल्लिंगी ठेव, ‘गोल’सारखा : एक ट्राय, अनेक ट्राय, ट्रायचे गुण.