पिंटरेस्टवर हजारो बघतात, साइटवर मात्र कुणी येईना : वाचकांचे प्रश्न

मागं इन्स्टाच्या रील्सवर लिहिलं तर त्यावर निम्मे मेसेज पिंटरेस्टचेच आले, म्हणून आज फक्त तेच घेतो. एक सांगून टाकतो, पिंटरेस्ट दिसायला इन्स्टाचं भावंड वाटतं पण वागतं गूगलसारखं. तिथं माणूस तुम्हाला बघायला आलेला नसतो, त्याला ब्लाउजचा गळा पाहिजे असतो, नाहीतर रांगोळी, नाहीतर फिरायला कुठं जायचं ते. खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये हे परत परत येईल, कंटाळू नका.

प्रश्न : मी लातूरची, माझा स्वयंपाकाचा ब्लॉग आहे. येळवशीची (वेळ अमावस्येची) भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असं आपल्याकडचंच टाकते. पिंटरेस्टवर हजारो इंप्रेशन दाखवायलेत पण ब्लॉगवर दिवसाला पाच-सहा माणसं पण येईनात. काय चुकायलंय?

ताई, इंप्रेशन म्हणजे तुमचा पिन (पिंटरेस्टवर टाकलेला, लिंक जोडलेला फोटो) कुणाच्या तरी स्क्रीनवरून सरकत गेला, एवढंच, त्यानं तो बघितला असंही नाही. पिन क्लिक म्हणजे त्यानं पिन मोठा करून बघितला. तुमच्या कामाचा आकडा तिसराच आहे, आउटबाउंड क्लिक, म्हणजे लिंक दाबून ब्लॉगवर आला तो. अकाउंट बिझनेसचं करून घेतलं (फुकट आहे, जुनंच अकाउंट बदलता येतं) की ॲनालिटिक्समध्ये हे तिन्ही वेगवेगळे दिसतात. उद्यापासून इंप्रेशनकडं बघायचंच सोडा, नुसतं मन खूश होतं त्यानं.

तुम्ही पाठवलेला भज्जीचा पिन नीट बघितला. पातेल्याचा फोटो मस्त आहे, पण त्यावर पिवळ्या बारीक अक्षरात अख्खी रेसिपी लिहिलीय, कोणत्या शेंगांचे दाणे किती, पालेभाज्या कोणत्या, बेसन किती, चिंचेचा कोळ कधी घालायचा, सगळं. आता मला सांगा, वाचणारी बाई ब्लॉगवर कशाला येईल? ती पिन सेव्ह करणार, येळवशीच्या आदल्या रात्री उघडणार आणि तिथंच बघून भज्जी करणार. सेव्ह वाईट नाही, सेव्ह झालेला पिन पुढं आणखी लोकांना दाखवला जातो, पण पोट भरलेल्या माणसाला पंगतीला बोलवून उपयोग नाही.

फोटोवर मोठ्या अक्षरात एकच ओळ ठेवा, "येळवशीची भज्जी : बेसनाच्या गाठी होऊ नयेत म्हणून काय करायचं". भज्जी करणारीला नेमकी हीच धाकधूक असते, उत्तरासाठी ती लिंक दाबेल. आणि दाबल्यावर पेजवर ते उत्तर वरच्या वर सापडलं पाहिजे, आधी आजीच्या आठवणीचे चार परिच्छेद आणि मग गाठी, असं नको. तुमच्या पेजवर उघडल्या उघडल्या नोटिफिकेशनचा डबा येतो, मग सबस्क्राइबचा डबा येतो, पिंटरेस्टवरून येणारं बहुतेक पब्लिक मोबाइलवर असतं, त्याला तो फुलीचा बारका काटा सापडत पण नाही, तो मागं जातो. दोन्ही काढा.

अजून एक, रेसिपीच्या पेजवर रेसिपीचा स्कीमा असेल (म्हणजे साहित्य, वेळ पिंटरेस्टला वाचता येईल असा कोड, वर्डप्रेसला त्याची फुकट प्लगइन्स आहेत) तर रिच पिन होतो, साहित्य आणि लागणारा वेळ पिनखाली आपोआप येतो. मग म्हणाल, साहित्य दिलं तर परत तेच झालं की. नाही, साहित्य वाचून माणसाला कळतं की हे आपल्याला जमणारं आहे, कृती मात्र ब्लॉगवरच आहे.

प्रश्न : पैठणला आमचा हातमाग आहे, वडील विणतात, मी ऑनलाइनचं बघतो. इन्स्टावरचे चौकोनी फोटो तसेच पिंटरेस्टवर टाकले आणि लिंक इन्स्टा प्रोफाइलची दिली. साडी विकली जाईना. पिंटरेस्ट बंद करू का?

बंद करू नको भाऊ, तुझ्याकडं तर पिंटरेस्टला लागतो तसला माल आहे. पण दोन गोष्टी उलट्या झाल्यात.

एक फोटो. पिंटरेस्टवर उभा फोटो चालतो, 2:3 चं माप, म्हणजे 1000 × 1500 पिक्सेल. चौकोनी टाकला तर चालत नाही असं नाही, पण स्क्रीनवर जागा कमी मिळते, शेजारचा उभा पिन त्याला खाऊन टाकतो. फार लांबडा केला तर खालून कापला जातो. पैठणीला हे माप देवानंच दिल्यासारखं आहे, पदर उभा सोडून फोटो काढ.

दुसरी लिंक, आणि खरं दुखणं इथंच आहे. पिनमध्ये जांभळी साडी, बांगडी मोर पदर, नारळी काठ. बाई लिंक दाबते आणि पोचते कुठं, तर इन्स्टाच्या प्रोफाइलवर, तिथं शंभर फोटो, वर लग्नाच्या रील्स, जांभळी साडी कुठाय ते तिनं शोधायचं. शोधत नाही कुणी. लॉगिन नसेल तर इन्स्टा तिला पुढं जाऊ पण देत नाही धड. ज्या साडीचा पिन त्याच साडीच्या पेजची लिंक, हा नियम समज. वेबसाइट नसेल तर ब्लॉगस्पॉटवर फुकटात पेज कर, एका साडीला एक पेज, किंमत लिही ("किंमतीसाठी डीएम करा" हे वाचून मी स्वतः पण पळून जातो), खाली व्हॉट्सॲपचं बटन. ती साइट पिंटरेस्टवर क्लेम करून घे, म्हणजे ती तुझीच आहे हे पिंटरेस्टला कळतं, एक कोडची ओळ साइटमध्ये टाकायची असते, पाच मिनिटाचं काम. आणि साडी विकली गेली की पेज उडवू नको! पिन वर्ष-वर्ष फिरत राहतो, इन्स्टाच्या पोस्टसारखा दोन दिवसात मरत नाही, विकलेल्या साडीच्या पेजवर "ही गेली, अशीच विणून मिळेल, इतके दिवस लागतील" असं लिही.

पण मी तुझ्या जागी असतो तर साड्यांचे पिन निम्मे केले असते. लोकं काय शोधतात बघ, पिंटरेस्टच्या सर्चमध्ये पैठणी टाइप करून थांब, खाली सजेशन येतात तीच तुझी प्रश्नपत्रिका. खरी हातमागाची कशी ओळखायची, हे विचारणारे लई असतात. आणि त्याचं उत्तर तुझ्या घरात मागावर आहे. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर, मुनिया, असावली सुलट्या बाजूसारखीच स्वच्छ दिसते, धागे लोंबत नाहीत, मशीनच्या नकलेत मागं धाग्यांचं जाळं असतं. एका फोटोत वर सुलटी बाजू, खाली उलटी बाजू, वर मोठ्या अक्षरात "पदर उलटा करून बघा". बास. हा एक पिन दहा साड्यांच्या पिनपेक्षा जास्त माणसं आणेल असं मला वाटतं, आणि येणारा माणूस नुसता बघ्या नसेल, पैसे कुठं घालवावे याच विचारात असलेला असेल. वडलांचे हात मागावर, असा पण एक घे, पण त्याला लिंक देताना "पैठणी कशी विणतात" या पेजचीच दे, दुकानाची नको.

प्रश्न : नांदेडवरून विचारते. मी महालक्ष्म्यांच्या सजावटीचे आणि रांगोळीचे पिन टाकते, प्रत्येकाला वीस-पंचवीस हॅशटॅग देते. तरी सर्चमध्ये माझं काही येत नाही. मराठीत लिहू का इंग्रजीत?

हॅशटॅगचा नाद सोडा. पिंटरेस्ट वाचतं टायटल, डिस्क्रिप्शन, बोर्डचं (पिन ज्यात गोळा करून ठेवता त्या फाइलचं) नाव, फोटोवरची अक्षरं, आणि फोटोत काय आहे ते सुद्धा त्याला बऱ्यापैकी कळतं. टायटलला 100 अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर सुरुवातीचीच दिसतात म्हणून कामाचा शब्द आधी. तुमचं टायटल आहे "माझी छोटीशी सजावट 🙏". ताई, हे कोण शोधणार?

आता तुमच्या बाबतीत खरी गंमत अशी की आपल्याकडं मराठवाड्यात महालक्ष्म्या बसतात आणि तिकडं पुण्या-कोल्हापूरकडं त्याच गौरी म्हणून येतात, सण तोच, मुखवटे तेच, पण पुण्याची बाई सर्चमध्ये "गौरी सजावट" टाकणार. तुम्ही फक्त महालक्ष्मी लिहिलं तर अर्धा महाराष्ट्र गेला, वर "महालक्ष्मी" शोधणाऱ्याला कोल्हापूरचं देऊळ नाहीतर मार्गशीर्षातलं गुरुवारचं व्रत पाहिजे असतं, त्या गर्दीत तुमचा पिन हरवतो. म्हणून "महालक्ष्मी गौरी सजावट, घरच्या घरी, कमी जागेत" असं टायटल. डिस्क्रिप्शनमध्ये दोन सरळ वाक्यं मराठीत आणि एक वाक्य इंग्रजी अक्षरात, कारण मराठी बोलणारी लोकं पण टाइप करताना निम्मी इंग्रजी कीबोर्डवरच करतात. बोर्डचं नाव "माय आर्ट" काढून "गौरी महालक्ष्मी सजावट" करा, रांगोळीचा बोर्ड वेगळा.

आणि वेळ. सण भाद्रपदात, तुम्ही पिन टाकता महालक्ष्म्या जेवल्यावर. पिंटरेस्टला पिन ओळखायला वेळ लागतो, आषाढापासूनच टाकायला लागा, या वर्षीचे फोटो जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी नवीन टायटल लावून वेळेआधी सोडा. फोटो शिळा झाला तर झाला, मुखवटे थोडेच म्हातारे होतात.

प्रश्न : दुसऱ्याचे भारी फोटो उचलून आपली लिंक लावली तर? बरेच जण करतात. (बीड)

करतात, आणि अकाउंट पण जातात. फोटो ज्याचा त्याचा कॉपीराइट, त्यानं तक्रार केली की पिन उडतो, तक्रारी वाढल्या की अकाउंट. शॉर्ट केलेल्या लिंक पण नको, पिंटरेस्टला त्यात स्पॅमचा वास येतो, पूर्ण लिंक द्या. एआयनं बनवलेल्या फोटोचं म्हणाल तर 2025 पासून पिंटरेस्ट त्यावर लेबल लावायला लागलंय आणि असे पिन कमी दाखवा म्हणायची सोय पण लोकांना दिलीय. रेसिपीत तर एआयचा फोटो लगेच कळतो, भाकरीवर तीळ एका रेषेत बसलेले असतात.

प्रश्न : वेरूळजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. पिंटरेस्टवर खोल्यांचे फोटो टाकलेत, बुकिंग येत नाही.

खोलीचा फोटो जगात सगळीकडं सारखाच, पांढरी चादर, दोन उशा. तुमच्या गिऱ्हाइकाला खोलीआधी वेगळाच प्रश्न पडलेला असतो, दोन दिवसात अजिंठा-वेरूळ कसं बसवायचं. आणि त्यात त्याचा हमखास घोटाळा होतो वारांचा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. तुमच्याकडं मंगळवारी सकाळी तोंड पाडून बसलेली मंडळी येत असतीलच की. मग हाच पिन करा, "अजिंठा-वेरूळ दोन दिवसात : कोणत्या वारी काय बघायचं", आणि लिंक अशा पेजची जिथं संभाजीनगरहून वेरूळ साधारण 30 किलोमीटर, अजिंठा साधारण 100, अजिंठ्याला गाडी अलीकडंच लावून पुढं बसनं जावं लागतं, सोळा नंबरच्या कैलास लेण्याला निवांत वेळ ठेवा, असं सगळं सरळ लिहिलेलं आहे. खाली शेवटी, "मुक्कामाला आमच्याकडं या", दोन फोटो आणि नंबर.

हा पिन इंग्रजीत पण करा, बाहेरदेशीचे लोक पिंटरेस्टवर महिने-महिने आधी ट्रिप जुळवत बसतात. शहराचं नाव अधिकृतपणे 2023 मध्ये बदललं पण बाहेरच्यांच्या जुन्या गाइडबुकात औरंगाबादच आहे, डिस्क्रिप्शनमध्ये दोन्ही नावं ठेवा. थंडीतल्या सीझनसाठी श्रावणातच सुरू करा.

प्रश्न : अंबाजोगाईजवळ केशर आंब्याची बाग आहे. पिंटरेस्टवरून आंबा विकला जाईल का? रोज किती पिन टाकावे?

दादा, खरं सांगू का, नाही. पिकलेला आंबा आठ दिवसाचा पाहुणा, पिंटरेस्ट महिन्यांनी फळ देणारं. पेटी विकायला व्हॉट्सॲपचं स्टेटस, ब्रॉडकास्ट आणि इन्स्टाची स्टोरी, तिथं लिंकचं स्टिकर लावता येतं (कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही, ती टाकूच नका). घरात आमरसाच्या वड्या, आंबापोळी, लोणचं असं टिकणारं काही करत असाल तर मात्र पिंटरेस्टवर या, मग आठवड्याला तीन-चार पिन पण नेमानं टाकले तरी पुष्कळ, एकाच पेजसाठी वेगवेगळे फोटो केले तरी चालतं. एका दिवशी चाळीस टाकून मग पुढच्या आमरसापर्यंत गप्प, असं नको. आणि फॉलोअर विकत देतो म्हणून कुणाचा मेसेज आला असेल तर तो आधी ब्लॉक करा.